पक्षी महोत्सवाला जाताय ना? मग आधी हे वाचा (मायणी-येरळवाडी साइडला जाणाऱ्यांसाठी खास)

दिवाळी झाली की व्हॉट्सअॅपवर पोस्टर फिरायला लागतात, इथं पक्षी महोत्सव, तिथं पक्षी निरीक्षण शिबिर, आणि आपण गाडी भरून निघतो, दहाला पोचतो, उद्घाटनाची भाषणं ऐकतो, लांब पाण्यात काहीतरी काळं-पांढरं हलताना दिसतं, वडापाव खातो आणि घरी येतो. मी पहिल्यांदा अगदी असंच केलेलं. मी राहते सांगलीत पण माहेर विट्याचं, त्यामुळं शेजारच्या सातारा जिल्ह्यातला मायणीचा तलाव तसा घरचाच, तरी पक्षी नीट बघायला मला तिथं तीन हिवाळे घालवावे लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी सगळं त्याच्या भोवतीच आहे. पक्षी काय, तुम्ही एकटे गेलात तरी दिसतील, पण महोत्सवात जे मिळतं ते म्हणजे दुसऱ्याचे डोळे. स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, घेऊन बसलेला जाणकार माणूस, गावातला मासेमारी करणारा मामा, दहा वर्षं नोंदी ठेवणारे एखादे सर, हे सगळे एका काठावर एरवी कधी सापडायचे? म्हणून दिवसाअखेर साठ पक्ष्यांची यादी करायच्या नादाला लागू नका, दहा पक्षी पक्के करून या, असे की पुढच्या वेळी कुणाला विचारायला लागणार नाही.

आधी तारीख बघा, आणि तारखेपेक्षा पाणी बघा

आपल्याकडं दोन सीझनला हे कार्यक्रम जास्त असतात. एक म्हणजे पक्षी सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर. ५ ला वनलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा, म्हणून तो आठवडा. दुसरा २ फेब्रुवारीच्या आसपास, तो जागतिक पाणथळ दिवस, १९७१ साली इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागांचा करार झाला ती तारीख. आता दोन्ही चांगलेच, पण दोन्हीकडं दिसणारं चित्र एकदम वेगळं असतं आणि हे पोस्टरवर कुणी लिहीत नाही.

नोव्हेंबरात तलाव भरलेले असतात. पाणी खोल, पक्षी लांब लांब पसरलेले, आणि बाहेरून आलेली बदकं नुकतीच उतरलेली असतात, त्यात गंमत अशी की नर बदकं तेव्हा अजून मातकट पिसांत असतात, मादीसारखीच दिसतात. पुस्तकातला रंगीत फोटो धरून बघायला जाल तर काहीच जुळणार नाही आणि वाटेल आपल्यालाच कळत नाहीय. तुमची चूक नाही ती, पिसं बदलायची असतात त्यांची अजून. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी मागं सरतं, कडेला गाळ उघडा पडतो, मग तुतवार, टिलवे, शेकाटे, चमचे हे चिखलातले लोक जवळ येतात आणि बदकांचे नर पण नटून तयार असतात. नवख्या माणसाला मी फेब्रुवारीच सुचवेन.

आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पोस्टरवर फोटो त्याचाच असतो, अगदी दरवेळी. त्याला उथळ पाणी लागतं, मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरून तो गाळातलं बारीक शेवाळ आणि किडे गाळून खातो, त्यामुळं पाऊस चांगला झाला आणि तलाव तुडुंब असला की तो इथं थांबत नाही. खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी असे तलाव आहेत, ज्यात पाणी त्याच्या मापाचं असेल तिथं तो उतरतो. म्हणून आयोजकांना फोन केलात तर "फ्लेमिंगो आलेत का हो" विचारू नका, त्यांना हो म्हणावंच लागतं बिचाऱ्यांना. "पाणी कितपत आहे, गाळ उघडा पडलाय का" असं विचारा, समोरचा माणूस पण जरा खुलून बोलतो मग.

मायणीबद्दल दोन ओळी, कारण बऱ्याच सातारा-सांगलीवाल्यांनाच माहिती नसते. चांद नदीवरचा हा तलाव ब्रिटिश काळातला, आणि २०२१ मध्ये सरकारनं मायणीला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. येरळवाडीचं धरण येरळा नदीवर, वडूजच्या खालच्या अंगाला, आणि हीच येरळा पुढं आमच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. दुष्काळी पट्टा म्हणून ज्याला आपण नाकं मुरडतो तिथं हजारो किलोमीटरवरून पाहुणे येतात हे जरा डोक्यात ठेवून जा.

आदल्या दिवशीची तयारी

जायचा रस्ता: सांगलीकडून तासगाव, विटा आणि मग मायणी. सातारकरांनी कोरेगाव, पुसेगाव, वडूज असं यावं. पण मुद्दा अंतराचा नाही, वेळेचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि तुम्ही साडेसहाला काठावर पाहिजे. म्हणजे घरातून पहाटे चार-साडेचारला निघायचं, नाहीतर आदल्या रात्री विट्याला नाहीतर वडूजला मुक्काम, पाहुणे तर सगळ्यांचेच असतात कुणी ना कुणी. पहाटे गाडी चालवणार असाल तर सांगते, उसाचा हंगाम असतो, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं दिवा नाही रिफ्लेक्टर नाही अशा अंधारात एकदम समोर येतात. हळू चालवा. एखादा पक्षी हुकला तर हुकला.

नावनोंदणी आधी करा आणि फॉर्मवर सकाळची पहिली बॅच मागा. दुसरी बॅच नऊची असते, ती म्हणजे नाष्टा झाल्यावर लग्नाला गेल्यासारखं.

बरोबर काय घ्यायचं तर फार नाही. मातकट, हिरवट, राखाडी कपडे, स्वेटर असा की जो साडेनऊला काढून पिशवीत कोंबता येईल कारण खटावातली थंडी पहाटे दात वाजवते आणि दहाला ऊन चटका देतं. आमच्या दाजींनी एकदा झगझगीत लाल जॅकेट घातलेलं, त्यांना सगळ्यांनी मिळून गाडीच्या मागं उभं केलं. टोपी, पाण्याची बाटली, जुने बूट. एक छोटी वही आणि पेन्सिल, पेन नको, थंडीत आणि दवात पेन चालत नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, खर्डा घरून बांधून घ्या, सांगलीवाल्यांनी भडंग आणा, ते कुणाबरोबर पण ओळख करून देतं. बायकांसाठी वेगळं सांगते, टॉयलेटची सोय कुठं आहे हे नोंदणी करतानाच स्पष्ट विचारून घ्या, लाजू नका. तलावाच्या काठावर आडोसा नसतो आणि मी एकदा त्या भीतीनं सकाळपासून पाणीच प्यायले नाही, दुपारी डोकं धरून बसले.

मोबाइलवर पक्षी ओळखायचं मर्लिन अॅप घ्यायचं असेल तर ते आणि त्याचा भारतातल्या पक्ष्यांचा पॅक घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. काठावर रेंजचा भरवसा धरू नका.

दुर्बीण: हा भाग नीट वाचा

८ बाय ४२ किंवा १० बाय ४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवख्याला ८ बरी, कारण १० मध्ये हाताचा थरथराट पण तेवढाच मोठा होतो आणि दिसणारा भागही कमी. नवीन विकत घ्यायची घाई करू नका, महोत्सवात चार जणांच्या गळ्यातल्या मागून बघा, मग ठरवा.

आता सेटिंग. मी पहिल्या वर्षी भावाची दुर्बीण घेऊन दोन तास डोळे चोळत बसलेले, सगळं दोन-दोन दिसत होतं, दुर्बीणच खराब आहे म्हणून भावाला फोनवर बोलून पण घेतलं, आणि मग एका शाळकरी पोरीनं माझ्या हातातून घेऊन अर्ध्या मिनिटात ठीक करून दिली. तर असं करायचं. आधी दोन नळ्या जवळ-लांब करून बघायचं, दोन गोल मिळून एकच गोल दिसला पाहिजे. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडा खाली दुमडायची किंवा फिरवून आत घालायची, चष्मा नसेल तर बाहेर. मग उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं एखादी पाटी स्वच्छ दिसेपर्यंत आणायची. आता डावा मिटायचा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची छोटी रिंग फिरवून तीच पाटी स्वच्छ करायची. झालं, त्या रिंगला दिवसभर हात लावायचा नाही, फक्त मधलं चाक वापरायचं.

आणि पक्षी शोधताना दुर्बीण डोळ्याला लावून इकडंतिकडं फिरवत बसू नका. आधी नुसत्या डोळ्यानं पक्षी धरायचा, नजर तिथंच ठेवायची, आणि दुर्बीण वर उचलून डोळ्यापुढं आणायची. घरी गच्चीवर साळुंकीवर दोन दिवस प्रॅक्टिस केलीत तर काठावर फजिती नाही.

काठावरचे पहिले दोन तास

खरा महोत्सव हाच. उजेड पाठीमागं असला पाहिजे, म्हणजे सकाळी तलावाच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडं बघायचं. उलट बाजूला उभे राहिलात तर सगळे पक्षी नुसत्या काळ्या सावल्या. संध्याकाळी बरोबर याच्या उलट.

गटाबरोबर चालताना पुढं पळू नका, काठाच्या अगदी टोकाला उतरू नका. गाळ वरनं वाळून भेगाळलेला दिसतो, खाली पोटरीएवढा चिखल असतो. माझ्या भाचीची एक चप्पल अजून मायणीत आहे.

मग स्कोप. तिथं रांग असते, आपला नंबर आला की डोळा काचेजवळ न्यायचा पण तिपाईला हात लावायचा नाही, हलली की पक्षी गेला आणि मागच्या वीस जणांच्या शिव्या. लहान पोरांना कडेवर घेऊन उचलू नका, पाट-स्टूल मागा, असतं त्यांच्याकडं. आणि "काय दिसतंय" असं विचारण्यापेक्षा "हा काय करतोय" विचारा. मला हे एका सरांनी शिकवलं. स्कोपमध्ये चमचा पक्षी होता, पांढराशुभ्र, चोच पुढं चपटी पळीसारखी, आणि ते म्हणाले नाव सोडा ताई, दोन मिनिटं फक्त मान बघा. तर तो पाण्यातून चालताना मान एका लयीत डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं, गवत कापणारी बाई विळा फिरवते ना अगदी तसा, चोच थोडी उघडी, आणि मधेच काहीतरी सापडलं की झटक्यात मान वर, गिळलं, परत विळा चालू. तेव्हापासून चमचा मैलावरून ओळखते मी, रंग दिसायची पण गरज नाही.

दुसरी एक ट्रिक. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी बदकांसारखे पाण्यावर मस्त विखुरलेले असतात, आणि अचानक सगळे गोळा व्हायला लागले, एकमेकांना चिकटून काळा गालिचा झाला, की पाण्याकडं बघू नका, वर बघा. शंभर टक्के नाही पण बऱ्याचदा दलदली भोवत्या, नाहीतर दुसरा कुठला शिकारी वर फिरत असतो. आजूबाजूचे लोक अजून खाली बघत असतात तेव्हा तुम्ही बोट वर केलंत की जाम भाव वाढतो.

माझे दहा

तुमचे वेगळे असू देत, पण सुरुवातीला हे घ्या कारण आपल्या तलावांवर भेटायची शक्यता चांगली आणि नावं मराठीत इतकी भारी आहेत की विसरणारच नाही.

वारकरी: अंग काळं, कपाळावर पांढरं गंध. बास. पोरांना एकदा सांगा, आयुष्यभर लक्षात राहतं.
हळदी-कुंकू बदक: काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. हे इथलंच, बाहेरगावचं नाही.
थापट्या: चोच फावड्यासारखी रुंद. थवा पाण्यात गोल गोल फिरत चरतो, एकमेकांनी ढवळलेलं खायला.
तलवार बदक: नराची मान लांब, शेपूट टोकदार.
चक्रवाक: नारिंगी-तपकिरी, जोडीनं. संस्कृत काव्यात ही जोडी रात्री ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते म्हणतात, प्रत्यक्षात ते रात्रीही जवळच असतात पण ओरडतात मात्र खरंच काळीज हलवणारं.
शेकाट्या: गुलाबी काटक्यांवर उभा केलेला काळा-पांढरा पक्षी.
टिबुकली: एवढीशी, बघता बघता बुडी मारते आणि भलतीकडंच वर येते. पोरांना कुठं वर येईल याची पैज लावायला सांगा, अर्धा तास शांत बसतात.
चमचा तर वर झालाच.
नदी सुरय: पिवळी चोच, लाल पाय, पाण्यावरून घिरट्या आणि सूर.
दहावा कवड्या खंड्या: काळा-पांढरा, एका जागी हवेत पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. हा दिसला की मी बाकी सगळं सोडते.

पट्टकदंब दिसले तर तुमचं नशीब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झालीय.

थवा मोजायचा असेल तर एकेक मोजत बसू नका. दहा पक्षी मोजा, ते केवढ्या जागेत मावतात ते डोळ्यात धरा, आणि तेवढे तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर टाकत जा. वहीत आकडा लिहिताना तारीख, वेळ, पाणी किती होतं एवढं लिहाच.

दहानंतर मांडव

उद्घाटन साडेआठचं असतं आणि पाहुणे पावणेअकराला येतात, हे आपलं कुठंही ठरलेलं. मग शाल, श्रीफळ, सत्कार, "वेळेअभावी दोनच शब्द" आणि चाळीस मिनिटं. ते चालू असताना मागच्या बाजूला फोटो प्रदर्शन मोकळं असतं, तेव्हा बघून घ्या. स्लाइड शो मात्र चुकवू नका, सकाळी लांबून दिसलेला पक्षी तिथं भिंतीएवढा दिसतो आणि वहीतल्या शंका तेव्हाच विचारायच्या. पोरांना चित्रकलेला बसवा. आणि चहाच्या टपरीवर मासेमारी करणारे, मेंढरं राखणारे कुणी असतील तर त्यांच्याजवळ बसा, त्यांना पुस्तकातली नावं माहिती नसतील पण यंदा पक्षी कधी आले, कुठल्या कडेला झोपतात, कुत्री कुठं त्रास देतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

एक राग मनात आहे तो इथंच काढते. मी एका महोत्सवाला गेलेले, गाव सांगत नाही, तिथं बांधावरच लाउडस्पीकर लावलेला आणि वर हौसेनं ड्रोन उडवला, व्हिडिओ चांगला यावा म्हणून. अख्खा तलाव उठला. बदकं दोन घिरट्या मारून जी गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाहीत, आणि आलेले दोनशे लोक रिकामं पाणी बघत बसले. पक्षी उडवून फोटो काढायचा नाही, मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचा नाही, खायला टाकायचं नाही. लांबून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाणाला साठवलेली चरबी खर्च करावी लागते, परतीच्या प्रवासाला तीच लागणार असते. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन चालतच नाही, कुणी उडवत असेल तर वनखात्याचे कर्मचारी तिथंच असतात, त्यांना जाऊन सांगा, सरळ.

चार वाजता परत काठावर, आणि मग रानात

दुपारी बहुतेक लोक निघतात. तुम्ही थांबा. ऊन तिरपं झालं की पक्षी परत हलायला लागतात, गर्दी नसते, स्कोपवाले पण निवांत असतात, सकाळी वीस सेकंद मिळालेला स्कोप आता दहा मिनिटं तुमचाच. बगळे, शराटी, पाणकावळे रांगा करून झोपायच्या झाडांवर यायला लागतात ते बघायला दुर्बीण पण नको.

फेब्रुवारी असेल तर भोरड्या बघितल्याशिवाय जाऊ नका. मध्य आशियाकडून येणाऱ्या या गुलाबी मैना, शाळूच्या रानावर पडतात आणि शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत ओरडत असतो. दिवसभर त्याच्या डोक्याला ताप. पण सूर्य बुडताना तोच शेतकरी हात खाली सोडून बघत उभा राहतो, कारण हजारोंचा थवा आभाळात कापडासारखा वळतो, दुमडतो, काळा होतो, विरळ होतो, आणि एका बाभळीवर सगळा एकदम ओतला जातो. आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नाही. मागच्या खेपेला आम्ही एका बांधावर उभं राहून बघत होतो तर रानाचे मालक आले, मला वाटलं हाकलतात, तर म्हणाले, "आक्का, ह्यांनी खाऊन जे उरलंय त्याचा हुरडा भाजलाय, या बसा." गूळ, शेंगाची चटणी आणि गरम हुरडा, हाताला राख.

आणि घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी, मधल्या वारी, कुठला कार्यक्रम नसताना, वही घेऊन त्याच काठावर एकदा परत जा. दहापैकी किती ओळखता येतात ते तिथंच कळेल. माझे पहिल्यांदा सहा आलेले, तलवार आणि थापट्याच्या माद्यांनी पार गंडवलेलं.